कोपराची लोकर

माझी आत्या गाद्या शिवते असं सांगितलं की लोक विचारायचे, कापसाच्या का काथ्याच्या? मी म्हणायचे, लोकरीच्या. मग ते म्हणायचे, अरे वा, एवढ्या ऐटीत झोपतं तरी कोण? मालगाडीचा डबा, असं सांगून मी त्यांचा चेहरा बघत बसायचे. आत्याला ही माझी थट्टा अजिबात आवडायची नाही. ती हातातलं काम बाजूला ठेवून समोरच्याला सगळं समजावून द्यायची, त्याला हवं असो वा नसो.

डब्याची चाकं ज्या जाड पोलादी दांड्यावर बसवलेली असतात तो ॲक्सल. त्याची टोकं चाकांच्या बाहेर येतात आणि प्रत्येक टोकावर एक लोखंडी पेटी असते. पेटीत वरच्या अंगाला पितळेचा अर्धगोल, त्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर. डब्याचा सगळा भार त्या पितळेवर आणि पितळेचा भार फिरत्या ॲक्सलवर. पेटीच्या तळाशी तेल. तेल आणि ॲक्सल यांच्यामधे आत्याची गादी, तळहाताहून थोडी मोठी, खालून स्प्रिंगने वर दाबून धरलेली. गादीच्या वाती तेलात सोडलेल्या असतात. वाती तेल वर ओढतात आणि गादीवरची लोकर ते ॲक्सलला सतत पुसत राहते.

"पितळ आणि पोलाद एकमेकांना शिवतच नाहीत," आत्या सांगायची. "मधे तेलाची साय असते. दुधावरच्या सायीपेक्षा पातळ. सगळी मालगाडी त्या सायीवर चालते."

आणि साय फाटली तर? तर पेटी तापते. अस्तर वितळून वाहतं, पितळ ॲक्सलला चावतं, ॲक्सलचं टोक लाल होतं आणि पिळवटून तुटतं. पुढे काय होतं ते आत्या सांगायची नाही. तिथे ती पुन्हा सुई उचलायची.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, यार्डात तेलवाले होते. गाडी येऊन थांबली की तिच्या कडेकडेने चालत जायचं, पेट्यांची झाकणं उघडायची, तेल कमी असेल तर घालायचं आणि प्रत्येक पेटीला हात लावून बघायचा. हात उलटा लावायचा, पाठीकडून. तळहाताची कातडी जाड झालेली असते, तिला कळत नाही. काका डावखुरे होते म्हणून सगळं यार्ड त्यांना डावरा म्हणायचं. त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच मागे वळून बघितलं असतं, की कुणाला बोलावतायत म्हणून.

तेलवाल्यांची आपसात एक रीत होती. एखादी पेटी नेहमीपेक्षा गरम लागली पण गाडी अडवण्याइतकी नाही, तर नियमाप्रमाणे डब्यावर खडूने खूण करायची. पण खडू पुढच्या स्टेशनापर्यंत टिकेल तर शपथ. पावसाने धुऊन जातो, धुळीने झाकतो. म्हणून ते झाकण उघडून गादीच्या नाडीला एक गाठ मारायचे. ही नाडी म्हणजे गादी पेटीतून बाहेर ओढता यावी म्हणून तिला शिवलेली कापडी पट्टी. पुढच्या यार्डातल्या तेलवाल्याने झाकण उघडलं की त्याला गाठ दिसायची. ह्या पेटीकडे लक्ष ठेव, एवढाच निरोप. कुणी दिला हे त्याला माहीत नसायचं, आणि विचारायची गरजही नसायची.

"नाडी जरा लांब ठेवत जा गं," काका आत्याला म्हणायचे. "गाठ मारायला जागा नको?"

"कारखान्याच्या मापाने ठेवते," आत्या म्हणायची.

"कारखान्याचं माप घालते कोण? तूच ना?"

आणि आत्या नाडी बोटभर लांब ठेवायची. तिच्या कारखान्यातल्या मुकादमाला ते दिसत होतं. त्याने कधी हटकलं नाही.

काका एका हिवाळ्यात छातीत कफ साठून गेले. आठवडाभर खोकत होते, काढा नको, डॉक्टर नको, आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. यार्डात इतकी वर्षं चाकांच्या मधे वावरलेला माणूस खुर्चीत गेला, याचा आत्याला फार राग आला होता. ती रडली कमी आणि चिडली जास्त. मी तेव्हा तिच्याकडे राहायला आले. बाबांनी पाठवलं होतं, सोबत म्हणून. आत्याने मला कारखान्यातल्या गादीखान्यात आपल्या शेजारच्या बाकावर बसवलं आणि वाती वळायला शिकवलं.

काकांचा एक तपकिरी स्वेटर होता. आत्यानेच विणलेला, ढगळ, गळ्याशी सैल झालेला. दाराजवळच्या खुंटीला तो टांगलेला असायचा. महिनाभर आत्या त्याला हातही लावत नव्हती. मग एके दिवशी कामावर जाताना तिने तो पिशवीत टाकला. गादीखान्यात आली, बाकावर बसली आणि तो उसवायला लागली.

मी म्हटलं, "अगं, हे काय करतेस?"

"ट्रंकेत ठेवला तर कसर खाणार. त्यापेक्षा जाऊ दे." ती माझ्याकडे बघतही नव्हती. "जन्मभर गाड्यांना तेल घातलं आणि स्वतः कुठे गेले नाहीत. येणारी प्रत्येक गाडी यांना मागे ठेवून पुढे गेली. आता जाऊ दे तिच्याबरोबर."

तिने ती लोकर गादीच्या वरच्या थरात विणली. एवढी निगुतीने शिवलेली गादी मी नंतर कधी पाहिली नाही. नाडी तिने चांगली वीतभर लांब ठेवली. संध्याकाळी ती गादी इतर गाद्यांबरोबर टोपलीत पडली, दुसऱ्या दिवशी तेलाच्या हौदात भिजली आणि आठवडा संपायच्या आत कुठल्याशा यार्डाकडे रवाना झाली. घरी येऊन आत्या पोटभर जेवली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर आत्या त्यांच्याशी बोलायला लागली. काका होते तोवर ती त्यांना कायम 'अहो' म्हणायची. आता 'अरे' म्हणायला लागली. घरामागून रूळ जात होते. मालगाडीचा आवाज आला की ती चुलीजवळून ओरडायची, "आज यात आहेस का रे?" मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर दुपारच्या वेळी, घर शांत असताना, तो प्रश्न ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा. प्रश्न विचारून झाल्यावर ती थोडी थांबायची ना, त्यामुळे. जसं कुणी उत्तर देणारच आहे.

तरी तोवर सगळं बरं होतं. वाईट झालं ते पुढे.

आमच्या शेजारच्या बाकावरच्या एका बाईने लोकर कमी पडली म्हणून घरातला जुना पायमोजा उसवून गादीत घातला. मुकादमाने तो बरोबर पकडला. आरडाओरडा न करता त्याने सगळ्या बायकांना बोलावलं, एक लोकरीचा धागा घेतला, एक त्या पायमोज्यातला घेतला आणि दोन्ही काडीने पेटवले. लोकर तडतडली आणि तिची राख झाली. मुकादमाने चिमटीत चोळली, भुगा झाला. पायमोज्याचा धागा मात्र आखडत आखडत वर सरकला आणि त्याच्या टोकाला एक छोटा, काळा, चकचकीत मणी तयार झाला.

"हे नायलॉन," मुकादम म्हणाला. "पेटी जरा तापली की हे वितळतं आणि गादीवर कवच धरतं. कवचातून तेल वर येत नाही. तेल नाही तर पेटी आणखी तापते. आणखी तापली की आणखी वितळतं. कळलं का? घरचं काही घालायचं नाही. कितीही जुनं असो, कितीही लाडकं असो."

शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. आत्याने तो मणी उचलला आणि हातात धरून बसली. मी तिच्याकडे बघितलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते.

काकांच्या स्वेटरचं डावं कोपर फाटलं होतं. पेटीच्या झाकणात अडकून. त्यावेळी घरात तपकिरी लोकर नव्हती, म्हणून आत्याने ते कोपर निळ्या चकचकीत नायलॉनने रफू केलं होतं. काकांना ते फार आवडलं होतं. सगळ्या यार्डभर ते कोपर पुढे करून दाखवत फिरले होते. उसवताना तो धागा लोकरीत इतका मिसळून गेला होता की आत्याला आठवलंच नाही. कोपराची लोकर मऊ लागली, म्हणून तिने ती गादीच्या अगदी वरच घेतली होती.

तिने त्याच दिवशी मुकादमाला सांगितलं. लपवालपवी तिच्या स्वभावात नव्हती. मुकादमही भला माणूस. त्याने सगळ्या यार्डांना निरोप पाठवले, की अमुक एक गादी आढळली तर काढून ठेवा. पण तेलात पडलेल्या गाद्या सगळ्या सारख्याच काळ्या. कुठल्या डब्यात, कुठल्या पेटीत, कुठल्या टोकाला, काय सांगणार? निरोप गेले आणि हवेत विरले. मुकादम आत्याला म्हणाला, "बाई, दोन-चार दोरे आहेत. एवढ्याने काही होत नाही. विसरून जा."

आत्या विसरायला तयार होती. पण त्या गादीने पाठ सोडली तर ना.

आता मालगाडी आली की ती ओरडायची नाही. हातातलं टाकून कुंपणाशी जाऊन उभी राहायची आणि नाक वर करून वास घ्यायची. जळक्या लोकरीचा वास कुणालाही ओळखता येतो, केस जळल्यासारखा असतो. तो तिला घरात यायला लागला. पांघरुणाला येतोय, पडद्याला येतोय, माझ्या केसांना येतोय. मी डोक्याला साबण लावून लावून टाळू सोलून घेतली. दाराजवळची रिकामी खुंटी तिने तशीच ठेवली होती. एकदा मी ओला रेनकोट तिथे टांगला तर ती केवढ्याने किंचाळली! "काढ तो! तुझे काका आले तर स्वेटर टांगणार कुठे?"

मी रेनकोट काढला. मनात म्हटलं, आता हिचं काही खरं नाही.

पण भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. तोंडाने काहीही म्हणाली तरी काका परत येतील असं तिला वाटत नव्हतं. तिला वाटत होतं की ते कुठल्यातरी गाडीखाली आहेत, आपणच त्यांना तिथे बसवलंय, आणि ते तिथे बसून माणसं मारणार आहेत. जन्मभर पेट्या थंड ठेवणारा माणूस. हे तिने मला तोंडाने कधी सांगितलं नाही. एकदा मला ताप भरला होता, तेव्हा तिने माझ्या कपाळाला उलटा हात लावला. अगदी काका लावायचे तसा. हात तसाच ठेवून ती म्हणाली, "त्याच्याच हाताने व्हायचंय बघ हे." मी तापात आहे, मला काही समजत नाही, असं तिला वाटलं असावं.

मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली. नदीच्या पुलाअलीकडे मालगाडी घसरली, ॲक्सल तापून तुटला, गार्ड दगावला.

आत्याने चपला घातल्या. मी तिला आडवी गेले, समजावलं, रागावले. ती म्हणाली, "तू नको येऊस." मग मी न जाऊन सांगते कुणाला?

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. डबे शेतात आडवे पडले होते आणि सांडलेला कोळसा कामगार फावड्याने ओढत होते. रुळाच्या कडेला, एका बाजूला, गार्डची टोपी आणि जेवणाचा डबा कुणीतरी नीट मांडून ठेवला होता. आत्या त्यांच्याकडे बघेना. ती सरळ तुटलेल्या चाकांकडे गेली. तिथे एक म्हातारा तेलवाला उकिडवा बसला होता.

"पेटी कुठाय?" आत्याने विचारलं.

त्याने तिच्या बोटांकडे बघितलं. गादीखान्यातल्या बाईची बोटं लपत नाहीत, नखांच्या कडा कायमच्या काळ्या असतात. त्याने काही न विचारता बाजूचं फडकं उचललं. खाली निळसर पडलेली, तडकलेली पेटी होती.

"गादी?"

"गादी कुठली? जुन्या पद्धतीची पेटी आहे ही. चिंध्या कोंबलेली. एक चिंधी वर चढली, पितळेखाली सापडली. तेवढंच पुरलं."

"म्हणजे गादी नव्हतीच?"

"नव्हती म्हणतो ना, बाई."

आणि आत्या हसली. मोठ्याने, तोंड भरून. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. कामगारांची फावडी थांबली. मी तिला दंडाला धरून तिथून अक्षरशः ओढत नेलं. परतीच्या बसमधे ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "माणूस गेला आणि मी हसले गं. त्याच्या टोपीसमोर हसले." आणि मग ती रडली. काका गेले तेव्हा रडायचं राहिलं होतं तेही त्या दिवशी रडून घेतलं असावं. मला तिची दया आली आणि संतापही आला. त्या काकांचा, स्वेटरचा, त्या निळ्या धाग्याचा. मेलेला माणूस इतका कामाला लावतो का कुणाला?

त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली. माझं लग्न ठरलं आणि मोडलं, ती वेगळी कथा आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. आत्याचे केस पांढरे झाले, पण मालगाडी आली की कुंपण काही सुटलं नाही. रेडिओवर अपघात म्हटलं की ती अजून उभी राहायची. मीही तिच्याबरोबर उभी राहायला लागले. सवय लागते माणसाला कशाचीही. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तो वास यायला लागला होता, पण मी तिला कधी बोलले नाही.

शेवटी रोलर बेअरिंगं आली. ॲक्सलच्या टोकावर छोट्या पोलादी रोलरांचं कडं, आत ग्रीस भरलेलं, बाहेरून कायमचं बंद. पितळ नको, गादी नको. तेलवाला तर नकोच. नव्या डब्याची चाकं यार्डात आली तेव्हा आम्ही सगळ्या बायका बघायला गेलो. आत्याने कड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झाकणच नाही याला." तिच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

जुने डबे मोडीत निघाले. सगळ्या यार्डांतल्या जुन्या गाद्या आमच्याच कारखान्यात यायच्या ठरल्या, कारण तेल पिळून काढायचं यंत्र फक्त आमच्याकडे होतं. तेल पिळायचं आणि उरलेली गादी भट्टीत टाकायची. पोत्यांच्या थप्प्या लागल्या. आत्या मुकादमाकडे गेली. मुकादम आता निवृत्तीला आला होता. ती काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "भट्टीत जायच्या आधी सगळी पोती तुमच्या हाताखालून जाऊ द्या, बाई. मीच सांगणार होतो." म्हणजे विसरला तोही नव्हता.

कामाचे तास संपले की आम्ही दोघी गोदामात बसायचो. आत्या एकेक गादी उचलायची, अंगठा फिरवायची आणि बाजूला टाकायची. डोळ्यांनी ती बघतच नव्हती. गादी कुणी शिवली आहे हे तिला टाक्यांवरून समजायचं. "ही तुझी," म्हणून एखादी माझ्याकडे भिरकावायची, "किती ढिला टाका घालायचीस तू." मी म्हणायचे, "शिकवलं कुणी?" थप्पी कमी होत चालली तसं आमचं बोलणं कमी होत गेलं. गादी सापडली नाही तर याचा अर्थ काय, हे दोघींनाही ठाऊक होतं. सापडली नाही म्हणजे जळली. जळली म्हणजे कुठेतरी, कधीतरी, आमच्या रेडिओपर्यंत न पोचलेल्या एखाद्या गावाबाहेर, कुणाची तरी टोपी रुळाच्या कडेला मांडली गेली.

शेवटची पोती उरली होती तेव्हा आत्याचा अंगठा थांबला.

तिने गादी दोन्ही हातांनी धरली आणि दाराजवळच्या उजेडात नेली. मी मागोमाग गेले. लोकर काळी, चिकट, दबून सपाट झालेली. पण डाव्या कडेला, बोटभर जागेत, एक कडक पापुद्रा होता. त्यावर मणी होते. काळे, चकचकीत, एकमेकांना चिकटलेले.

"वितळलं होतं," आत्या म्हणाली. "बघ. वितळलं होतंच. पेटी तापली होती." "मग ॲक्सल तुटला कसा नाही?"

मी गादी तिच्या हातातून घेतली, उलटी केली आणि नाडी बाहेर ओढली.

नाडी वीतभर होती हे मला आठवत होतं. आता ती जेमतेम दोन बोटं राहिली होती, कारण तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत गाठी मारलेल्या होत्या. एकीला लागून दुसरी. काही जुन्या, दगडासारख्या झालेल्या. काही नव्या. काही घट्ट आवळलेल्या, काही घाईघाईत मारून टाकलेल्या. आणि नाडी संपली तिथे कुणीतरी बुटाची लेस जोडली होती, पुढच्या माणसाला जागा हवी म्हणून. लेसलाही गाठी. लेस संपल्यावर कुणी शर्टाच्या कडेची फाडलेली चिंधी बांधली होती. तिलाही गाठी होत्या, आणि थोडी जागा अजून शिल्लक होती.

आम्ही दोघी खालीच बसलो. आत्याच्या बोटांनी एकेक गाठ चाचपली. कुठल्या कुठल्या यार्डातली माणसं असतील ती! कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. प्रत्येकाने झाकण उघडलं, गाठी पाहिल्या, ही पेटी जपायची आहे एवढं ओळखलं, तेल घातलं, गादी फिरवून बसवली, उलटा हात लावून बघितला आणि आपली एक गाठ मारून तिला पुढे धाडली. इतकी वर्षं आम्ही कुंपणाशी वास घेत उभ्या होतो आणि तिकडे सतत कुणी ना कुणी त्याला हात लावून बघत होतं.

"सांभाळला गं त्याला," आत्या म्हणाली. "सगळ्यांनी मिळून सांभाळला."

मग तिचा अंगठा एका गाठीवर परत गेला. अगदी पहिल्या. गादीला चिकटून असलेल्या.

"ही डावखुऱ्याने मारलेली आहे."

शिवणारीला गाठ बघून हात कळतो, यात जादू नाही. डावखुऱ्याच्या गाठीचा पीळ उलट बसतो. मी गाठ बघितली. पीळ उलटा होता. माझ्या मानेवरून काहीतरी थंड सरकलं, आणि मी नेहमीसारखी चिडले.

"जगात डावखुरे तेलवाले काय कमी आहेत?"

"कमी नाहीतच," आत्या शांतपणे म्हणाली. "तेच म्हणतेय मी."



गादी आम्ही भट्टीत टाकली नाही. मुकादम दुसरीकडे बघत उभा राहिला आणि आत्याने ती कागदात गुंडाळून घरी आणली. दाराजवळच्या खुंटीला नाडीने अडकवली. पिळलेली नव्हती, त्यामुळे तेल ठिबकत होतं. भिंतीवर डाग पडला. मी खाली एक बशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालगाडी आली. नव्या डब्यांची. चाकांचा आवाज हलका, सगळ्यांचा एकसारखा. आत्या खुर्चीत बसली होती, काका बसायचे त्याच. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे उघडले, आवाज ऐकला आणि पुन्हा मिटले. उठली नाही.

"आत्या," मी म्हटलं, "गाडी आली."

"येऊ दे. आता तो घरी आहे."

मी मात्र उठले. पाय आपोआप कुंपणाकडे गेले. डब्यामागून डबे जात होते, ॲक्सलच्या टोकांवर ती बंद कडी गरगरत होती, आणि त्यांना नाडी नव्हती, झाकण नव्हतं, कुठे हात लावून बघावं अशी जागाच नव्हती. गाडी जाईपर्यंत मी वास घेत उभी होते. मग घरात आले, बशीत साठलेलं तेल बाटलीत ओतलं आणि बशी परत जागेवर ठेवली.